चुकीच्या कानाची शेळी

मोरुले, प्राथमिक शाळा
ऑगस्ट, वारा सुटलेला

आदरणीय मामा,

आईचे धाकटे भाऊ आणि आता आमच्या घराण्यात मला रागावायला उरलेले एकमेव माणूस, दोन्ही हात पुढे करून आणि गुडघ्यात वाकून तुम्हाला नमस्कार. (वाकलो ते तुम्हाला दिसणार नाही, पण गुडघ्याचा आवाज शेजारच्या वर्गापर्यंत गेला आणि तिथली बाई शिकवायची थांबली.) आधी गुरांचं विचारतो. तब्येतीचं आधी विचारलं की तुम्ही म्हणता, पोरगं शहाणं झालं आणि गुरांना विसरलं. तर काळी गाय व्याली का? लंगडा बैल अजून फक्त तुम्ही बघत असतानाच लंगडतो का? तुमच्या सेरोवेला थंडी सरली का? आणि आता तुमचा गुडघा कसा आहे? मामी गेल्यापासून तुम्ही त्याला रात्री तेल लावत नाही असं कळलं. लावत जा. आपल्या घराण्यात गुडघे वारशानं येतात, गुरं येत नाहीत.

तुमचा निरोप मिळाला. डिसेंबरात शाळा सुटली की मीही सुटतो, सरकारच्या हिशेबानं मी म्हातारा होतो, आणि त्याआधीच तुम्ही आपल्या अंगणात माझ्यासाठी दोन खोल्या उभ्या केल्यात, वर पत्रा घातलात आणि दाराला हिरवा रंगसुद्धा दिलात. ‘आता ये, पुरे झालं वाळूत लोळणं’ हे तुमचे शब्द ट्रकवाल्यानं तुमच्याच आवाजात म्हणून दाखवले, खोकल्यासकट. आईच्या भावाचा शब्द मोडायचा नसतो हे मला चालता येण्याच्या आधीपासून माहीत आहे. तेव्हा मी येणार, ही काळ्या दगडावरची रेघ समजा. फक्त मध्ये एक शेळी आली आहे. ती कशी आली हे नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला उलगडा व्हायचा नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो. चष्मा लावून घ्या.

तसं पाहिलं तर इथं सोडवणार नाही असं आहे तरी काय? ऑगस्टातला वारा म्हणजे नुसता जाच. वाळू चपलेत, वाळू हजेरीपटात, वाळू साखरेत. (साखरेतली वाळू चहात तळाशी बसते, त्यामुळे शेवटचा घोट घ्यायचा नाही एवढं इथलं लहान मूलही जाणतं. नवीन आलेले मास्तर मात्र पहिला महिना कराकरा चावत असतात.) सकाळी इतकी थंडी की पहिला तास वर्गात होतच नाही, शाळेच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून उन्हात होतो. ऊन सरकलं की आम्ही सरकतो, आणि पाढे संपेपर्यंत पार कोपऱ्याला वळसा घालून संडासापर्यंत पोचतो. दुपारी तेच ऊन डोकं फोडतं. मग सावलीसाठी गावातली गाढवं वर्गाच्या दारात येऊन उभी राहतात. त्यातलं एक तर तिसरीच्या वर्गाला इतकं नियमित येतं की मी हजेरी घेताना त्याच्याकडे बघून घेतो. आणि पाणी! बोअरचं पाणी खारं. इतकी वर्षं त्याचाच चहा पिऊन माझ्या जिभेचं काय झालंय ते तुम्ही गेल्या नाताळात पाहिलंतच. तुमच्या घरचा गोड्या पाण्याचा चहा मला अळणी लागला, म्हणून तुमची पाठ वळलेली बघून मी त्यात चिमूटभर मीठ टाकलं, आणि तुम्ही नेमके वळलात. त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मामा, तो अपमान नव्हता हो, ती सवय होती.

तर शेळी. निवृत्त होणाऱ्या मास्तरांना काय द्यावं यावर पालकांची सभा झाली. कुणी घड्याळ म्हणालं, कुणी घोंगडी म्हणालं, पण शेवटी असं ठरलं की ज्या माणसाच्या नावावर एक खूरसुद्धा नाही त्याला हात हलवत घरी पाठवणं हा गावाचाच कमीपणा. म्हणून एक तपकिरी, अजून न व्यालेली पाट आली, गळ्यात रिबीन बांधून. (शाळेत मी शेती शिकवतो हे खरं. पशुपालनाचा धडा इतका रंगवून शिकवतो की पोरं घरी जाऊन बापाला सल्ले देतात. पण ते सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. जिवंत शेळी माझ्या ताब्यात ही पहिलीच.) आता जनावर घेतलं म्हणजे कानावर घराण्याची खूण हवी, नाहीतर बोअरच्या हौदावर ते ज्याच्या कळपात शिरेल त्याचं. आमच्या बाबांची खूण तुम्हाला आठवत असेल, डाव्या कानाचं टोक दुभंगलेलं आणि उजव्याला खालून एक खाच. मी फळ्यावर शेळीचं तोंड काढून खूण आखली, शाळेचा वॉचमन केरेंग याला बोलावलं आणि चाकू तापवून घेतला. केरेंग म्हणाला, “पाय मी धरतो मास्तर, कान तुम्ही धरा, आणि डोळे कुणी मिटायचे ते आताच ठरवा.”

डोळे मी मिटले नव्हते, पण घोटाळा व्हायचा तो झालाच. मास्तराचं आयुष्य पोरांसमोर तोंड करून जातं. वर्गापुढे उभं राहून ‘डावा हात वर’ म्हणताना आपण स्वतःचा उजवा वर करतो, कारण पोरं आरशात असावीत तशी समोर असतात. ही उलटापालट अंगात इतकी मुरते की शेवटी माणसाला स्वतःचं डावं-उजवंही भरवशाचं राहत नाही. शेळी माझ्यासमोर, मी शेळीसमोर, आणि वर वारा. मी उजव्याचं टोक दुभंगलं आणि डाव्याला खाच मारली. रक्त पुसलं, राख लावली, शेळी सोडली, आणि समाधानानं हात धुऊन सहावीची गणितं तपासायला बसलो.

संध्याकाळी शेळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी केरेंग बातमी घेऊन आला. हसू दाबून दाबून त्याला उचकी लागली होती. शेळी म्मातिरोच्या गोठ्यात होती, आणि अगदी कायदेशीर होती, कारण उजवं टोक दुभंगलेलं आणि डाव्याला खाच ही म्मातिरोच्या घरची खूण! आता म्मातिरो म्हणजे कोण ते सांगायला हवं. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी ज्वारीचा घाटा आणि चवळी शिजवतात त्या बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा तिरो दूर शहरात गाड्या दुरुस्त करतो. आवाज असा की त्यांनी जेवायला हाक मारली की शाळेची घंटा वाजवावीच लागत नाही. माझ्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं, कारण मी घाट्यात गुठळ्या आहेत असं एकदा म्हणालो होतो. एकदाच.

मी टोपी काढून त्यांच्या अंगणात गेलो आणि झाली चूक समजावून सांगितली. त्यांनी ढवळणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “शेळी स्वतःच्या पायानं आली मास्तर. कानावर माझी खूण घेऊन आली. आता तुम्हीच सांगा, ती तुमची आहे असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?” मी म्हणालो, गळ्यात रिबीन होती. त्या म्हणाल्या, “ती तिनं खाल्ली.” मग एवढ्या लांब आलातच म्हणून मला चहा दिला. (पाणी खारंच, पण आल्याचा मोठा तुकडा ठेचून घातलेला. मी शेवटचा घोटही घेतला.)

इकडे नळावर बायकांनी निकाल लावून टाकला होता. मास्तरांनी सगळ्या गावाला लिहायला शिकवलं, पण स्वतः चिठ्ठी लिहिली ती शेळीच्या कानावर! हे पोरांपर्यंत पोचलं. पाचवीतल्या एकानं निबंधात ‘माझे आवडते जनावर’ या विषयाखाली ते सविस्तर लिहिलं, आणि व्याकरण शुद्ध असल्यामुळे मला गुण द्यावे लागले. शेवटी प्रकरण चावडीवर गेलं. सगळे पुरुष आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन आले, बायका चटया पसरून बसल्या, आणि ज्यांचा शेळीशी काडीचा संबंध नाही तेसुद्धा बोलले. एकजण म्हणाला शेळी कापून सगळ्यांनी खावी म्हणजे भांडणच मिटलं. याला बराच पाठिंबा मिळाला. मी माझं डाव्या-उजव्याचं कारण मांडलं, उभं राहून, हातवारे करून. सगळ्यांनी माना डोलावल्या. निम्म्या चावडीला डावं-उजवं मीच शिकवलेलं. गावप्रमुख सेबेगो (हे म्मातिरोचे चुलत भाऊ, पण इथं प्रत्येक जण कुणाचा तरी चुलत भाऊ असतो, तेव्हा त्यावर कुणी आक्षेप घेत नाही) सगळ्यांत शेवटी बोलले. “कापलेला कान शिवता येत नाही. शेळी म्मातिरोच्या गोठ्यात राहील, मालकी मास्तरांची. मास्तरांनी रोज संध्याकाळी जाऊन आपलं जनावर डोळ्यांनी बघावं, म्हणजे उद्या तक्रार नको. आणि जाताना हात हलवत जाऊ नये, थोडं सरपण न्यावं.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सरपण घेऊन शेळी बघायला जातो. शेळी बघायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच. पण मग चहा येतो, मग तिरोचा फोन आला होता का ते विचारायचं असतं, मग त्यांना दिवसभरात कुठल्या पोरानं तिसऱ्यांदा वाढून घेतलं ते सांगायचं असतं. परवा मला पोचायला उशीर झाला तर कुंपणाशी उभ्या होत्या. “मेलात की काय म्हणून बघत होते,” म्हणाल्या. मामा, इतक्या वर्षांत माझ्या उशिराची कुणी दखल घेतली नव्हती. शाळेच्या क्वार्टरमध्ये मी कधी येतो नि कधी दिवा मालवतो हे फक्त केरेंगला माहीत, आणि त्याला त्याचा पगार मिळतो. खरंच सांगतो, परत येताना वाटेत मी थांबलो आणि उगाचच डोळे पुसले. वाळू गेली होती असं केरेंगला सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, शेळी घे आणि ये. तेही शेळीला घेऊन जाऊन विचारून आलो. पूर्वेकडे, तुमच्या बाजूला जनावर न्यायचं तर गुरांची रोगराई पसरू नये म्हणून रस्त्यावर घातलेल्या तारेच्या फाटकावर परवाना लागतो. तिथला तपासनीस माझाच विद्यार्थी. त्यानं कान पाहिला, टोपी मागं सरकवली आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाला, “गुरुजी, खूण म्मातिरोंची आहे. त्या सोबत असल्याशिवाय ही शेळी फाटक ओलांडणार नाही.” आणि शेळी इथं टाकून आलो तर गावानं प्रेमानं दिलेली भेट लाथाडली असं होईल. असा मी दोन्हीकडून अडकलो आहे. माझी चूक काहीच नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पाऊस तुमच्याकडे आधी पडो, मग थोडा इकडे पाठवा. गुडघ्याला तेल लावा.

तुमच्या थोरल्या बहिणीचा सगळ्यांत निरुपयोगी मुलगा,
मोगोमोत्सी

ता. क. वर लिहायचं राहून गेलं. शाळा सुटायच्या आधी एकदा इकडे यावं लागेल. ट्रकवाल्याशी बोललो आहे, तो तुम्हाला पुढच्या सीटवर बसवेल. येताना तुमचा तो काळा कोट आणि हॅट आणा, आणि घोंगडी पांघरून गंभीर बसता येईल अशा दोघी तिघी थोरल्या बायका बरोबर घ्या. सेबेगोंच्या अंगणात पहाटे जाऊन बसायचं आहे आणि काय हवं म्हणून विचारलं की ‘पाण्यासाठी भोपळा मागायला आलोय’ असं म्हणायचं आहे. ते कुणासाठी म्हणतात हे तुम्ही मला लहानपणी तीन लग्नांत ऐकवलं आहे, तेव्हा पुन्हा लिहायला लावू नका. मुलगी कोण ते विचारलं तर ज्वारीच्या घाट्यासाठी प्रसिद्ध आहे म्हणून सांगा. बैल कापला की त्याचं डोकं रिवाजाप्रमाणे मामाचं, म्हणजे तुमचंच. गुठळ्यांचा विषय काढू नका.

ता. क. दोन. हिरव्या दाराला कुलूप लावू नका आणि भाडेकरू तर मुळीच ठेवू नका. आपल्या माणसांना गावात एक घर, शेतावर एक, गुरांकडे एक अशी तीन तीन घरं असतातच, मग मला दोन का नसावीत? नांगरणीच्या दिवसांत आम्ही दोघं तुमच्याकडे येऊन राहू. संध्याकाळी अंगणात दोन खुर्च्या मांडून एकीवर बसणारा माणूस अलीकडे दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघत राहतो, हे ट्रकवाल्यानं मला निरोपाबरोबर सांगितलं होतं. तुमच्या आवाजात नव्हे, स्वतःच्या. दोन्ही खुर्च्या भरतील मामा, आणि तिसरी आणावी लागेल.

ता. क. तीन. हे वाचून झाल्यावर फाडून टाका. समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो हे ज्याला जन्मभर पाठ आहे तो मास्तर शेळीच्या कानात कसा चुकेल, हे चावडीवर एकाच्याही डोक्यात आलं नाही. म्मातिरोच्या शेळ्या रोज हौदावर माझ्या खिडकीसमोरून जातात. त्यांचे कान मी किती वर्षं बघतोय ते विचारू नका. बाईला तोंडानं विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून शेळीला पाठवलं. तिनं तिचं काम केलं आहे. आता तुम्ही या.