सासूबाईंच्या नावापुढची खूण

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. संध्याकाळ.

मोबाइल-इंटरनेट कोण वापरतं याच्या पाहणीत आज माझ्याकडे बंदरावरची घरं होती. एका घरी नवराच म्हणाला, "बायकोकडं फोन हाय." मी 'होय'वर खूण केली. तोच ती मासळी निवडता निवडता बोलली, "बाई, कार्ड माज्या नावाचा हाय. फोन ह्यांच्या खिशात. मी कदी हातात धरला नाय."

खूण खोडली. त्याला चांगलं सुनावलंही. तिला न विचारता तिचं उत्तर कसं देता?

परतताना एकदम आठवलं. सरावासाठी पहिला फॉर्म आमच्याच घराचा भरला होता. सासूबाईंच्या नावापुढे 'होय'वर खूण. विचारलं कुठे होतं? फोन मीच घेऊन दिलेला, मग विचारायचं काय?

घरात शिरताच विचारलं, "आई, तुमचा फोन कुठाय?"

"तुझ्या कपाटात. गणपतीत माझ्या ताईशी बोलत होते, तर 'पाहुणे आलेत, किती वेळ बोलता' म्हणून तूच काढून घेतलास. मग मागायचा धीर नाही झाला."

कपाट उघडलं. साड्यांखाली होता. मी विसरूनसुद्धा गेले होते.