पुकारा

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं ऐकतच नाहीस, स्वतःचंच बोलत सुटतोस आणि शेवटी ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र.

मंगळवारी पडद्यांच्या कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून तुझ्या त्या माजी सैनिकांच्या कार्यालयात जाऊन आले. तिथल्या खिडकीचं भोक इतकं खाली कापलंय, की सगळे उंचेपुरे निवृत्त जवान कमरेत वाकून बोलतात. माझ्या उंचीला मात्र ते नेमकं बसतं. तर आनंदाची बातमी अशी, की तुझे लष्करी दवाखान्यातले कागद सापडले! इतकी वर्षं हे कार्यालयवाले म्हणायचे कागद दवाखान्याकडे, आणि दवाखाना म्हणायचा यांच्याकडे. यांच्याच तळघरात होते, गोणीत बांधलेले. जागा बदलली तेव्हा बांधलेली ती गोणी कुणी सोडलीच नव्हती.

आता रागावते. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, सुनावणीला तीनदा बोलावलं आणि अर्जदार तिन्ही वेळा गैरहजर. गैरहजर राहिलं की फाइल परत ढिगाच्या तळाशी. दादा, तोफेपाशी तुझा डावा कान गेला, आता उजवाही चाललाय. डॉक्टर यंत्र लवकर लावा म्हणून बजावताहेत, आणि दावा मंजूर झाल्याशिवाय सैनिकी रुग्णालय यंत्र देत नाही. मी घेऊन देते म्हटलं तर तुझा पारा चढतो. मग बोलावल्यावर जायला काय झालं होतं?

वहिनीला सा. न. सांग. रागावले तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
टिटवी

१० जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गैरहजर? मी? अगं, नोकरीत ताप अंगावर काढून हजेरीला उभा राहणारा माणूस मी!

तिन्ही वेळा रात्रीच्या बसने आलो. तुझ्या वहिनीने शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. दार उघडायच्या आधी जाऊन पुढून दुसऱ्या बाकावर बसलो. बाकही असे, की जमिनीला स्क्रूने घट्ट आवळलेले. जवान पळवून नेतील अशी भीती असावी. जेवायलासुद्धा बाहेर गेलो नाही, न जाणो तेवढ्यात पुकारतील. संध्याकाळी झाडूवाल्या मावशींनी हातानेच खूण केली, की ऊठ बाबा. खिडकीशी गेलो तर बाईंनी एक चिठ्ठी पुढे सरकवली, पुढची तारीख पोस्टाने कळेल. एकदाही कुणी बोलावलं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला कुणी शिकवायला नको, पण खोटं तरी लिहू नये.

यंत्राचं म्हणशील, तर तुझी माया कळते मला. पण हा कान मी बाजारात हरवलेला नाही. ज्यांच्या कामात गेला, त्यांनी एकदा तसं लिहून द्यावं, एवढंच मागणं आहे. ते मिळेपर्यंत विकतचं यंत्र या कानाला लागणार नाही.

टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. तू पुन्हा जा आणि कुठे पाणी मुरतंय ते बघ.

तुझा,
दादा

१९ जून

ती. दादास,
शि. सा. न.

हसू का रडू, तेच कळेना. आज मुद्दाम तुझ्या त्या दुसऱ्या बाकावर बसून राहिले. आतल्या खोलीचा शिपाई दार वीतभर उघडतो, तोंड आत साहेबांकडेच ठेवून एकदा नाव घेतो आणि दार लावतो. पंखा तर असा खडखडतो, की मलाच अर्धी नावं कळली नाहीत. माझ्या शेजारी एक आजोबा होते, तेही तोफखान्यातलेच. त्यांचं नाव पुकारलं तरी ते आपले भिंतीकडे बघत बसलेले. सुनेने कोपराने ढोसलं तेव्हा उठले.

ऐकू येत नाही म्हणून अर्ज करणाऱ्यांना हाका मारून बोलावतात, दादा! तू तिथेच होतास आणि कागदावर गैरहजर होत होतास. मी खिडकीत भांडले, की निदान फळ्यावर नावं तरी लिहा. बाई म्हणाल्या, इथली पद्धत आहे ती. इतका संताप झाला, की माझी पिशवी तिथेच विसरून आले.

पण आता वर्म कळलं. खिडकीतून तुझी पुढची तारीख काढून घेतलीय, चोवीस; त्या दिवशी मी शेजारी बसते. नाव आलं की तुझ्या खांद्यावर थाप मारते, तू उठायचं. लोभ आहेच, तो त्या दिवशी थापेतून कळेल.

टिटवी

२६ जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

थाप कसली, बाईसाहेब, हातोडा होता तो! खांदा अजून ठणकतोय. पण काम झालं. तू थाप मारलीस आणि माझ्या नकळत टाचा जुळल्या, छाती पुढे आली आणि तोंडातून ‘हजर!’ असं निघालं, की साहेबांनी खुर्चीतून मान वर केली. इतक्या वर्षांनी सरकारने माझं नाव घेतलं आणि मी उत्तर दिलं. साहेबही भला माणूस वाटला. हसला, काहीतरी लिहून घेतलं, आणि दोन मिनिटांत सोडलं.

वहिनी तुझ्यावर जाम खूश आहे. यंत्र आलं की पहिलं बोलणं तिचं ऐकायचं, असा तिने हुकूम काढलाय. तुझा नंबर दुसरा. राग मानू नकोस.

दादा

८ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न.

कसं लिहू? तुझ्याकडे निकाल पोचायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून खिडकीतून नक्कल मागून आणली. त्यात लिहिलंय, की अर्जदार पहिल्याच पुकाऱ्यास तत्काळ उभा राहिला व खणखणीत ‘हजर’ म्हणाला. श्रवणात उणीव आढळत नाही. खासगी डॉक्टरांचा दाखला ग्राह्य नाही. सबब दावा अमान्य. आणि गोणीतले ते कागद? ते उघडून बघायची गरजच पडली नाही म्हणे.

नाही उठलास तर गैरहजर, उठलास तर धडधाकट. मी साहेबांच्या खोलीत घुसून सांगितलं, की थाप मी मारली होती. ते म्हणाले, नोंदीत थाप नाही.

माझ्या हाताने हे झालं, दादा. घरी आल्यापासून शिलाईवर बसले नाही. अपील मी केलंय. तू मला काहीही बोल, पण अबोला धरू नकोस.

टिटवी

१४ डिसेंबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेडी आहेस. तुझा हात माझ्या खांद्यावर होता, त्यात तुझा गुन्हा कसला? ‘हजर’ म्हणायला तू सांगितलं नव्हतंस. ती खोड त्यांचीच, त्यांनीच लावलेली. पुन्हा असलं लिहिलंस तर येऊन कान उपटीन.

चार महिने लिहिलं नाही तो अबोला नव्हता, अपिलाची तारीख कळायची वाट बघत होतो. ती मार्चमध्ये लागली आहे.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो होतो. उजवाही गेला. आता यंत्र लावून फारसं हाती लागणार नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. उन्हाळ्यात लावलं असतं तर गोष्ट वेगळी होती. माझा हट्ट चुकला का, ते तू विचारू नकोस. मी रोज विचारतोय. मी त्यांना म्हणालो, बरं झालं, अपील तरी पक्कं झालं. बहुधा फार मोठ्याने म्हणालो, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

घरी येताना सगळा रस्ता तुझी वहिनी बोलत होती. रस्ता ओलांडतानाही बोलत होती, माझा दंड धरून. मी आपली मान हलवत राहिलो. घरात आल्यावर तिला पेन्सिल दिली आणि म्हटलं, वाटेत काय म्हणत होतीस ते लिही. तिने कागद पुढे ओढला. मग लिहिलं, काही नाही.

मार्चमध्ये ये. माझ्याशेजारी बस.

तुझा,
दादा