सेल्मरने तुडवलेला मुरघास

१२ जानेवारी १९६४

आजही मुरघासाच्या उंच टाकीत, सायलोत, मीच चढले. विस्कॉन्सिनची ही थंडी — कडेचा मुरघास गोठून भिंतीला चिकटलेला. ऑर्लिन शिडीला हातसुद्धा लावत नाही. एवढा घोडा झालाय, आणि गाईंचं खाणं उपसायला आई! भित्रा कुठला.

मुरघास भरला सप्टेंबरात, काढत जायचा वरून, त्यामुळे सप्टेंबर उलटा येतो. सगळ्यात वर शेवटच्या दिवसाचा मका होता, माझा सेल्मर गेला त्याच्या आदल्या दिवशीचा. तो संपला. आता पावसात भिजलेला लागलाय. त्या दिवशी शेजारपाजारचे सगळे आमचा सायलो भरायला आले होते. सेल्मर आत गोल गोल फिरत मका तुडवत होता आणि भसाड्या आवाजात चर्चमधली भजनं गात होता. खालून शेजारचा गुस्ताव म्हणाला, अरे, तू गप्प बस म्हणजे पाऊस थांबेल! किती हसलो होतो. आज ते आठवलं, हातातलं दाताळं टाकलं आणि तिथेच बसून रडले.

२० जानेवारी

पाद्री म्हणतात, अपघात. सगळे तेच म्हणतात. पण ताज्या मुरघासावर विषारी वायू साचतो, आधी ब्लोअर लावून हवा खेळवल्याशिवाय वर चढायचं नाही — हे सगळ्यांना बजावत फिरणारा कोण? सेल्मरच! मग तो स्वतः कसा चढला? ऑर्लिन बोंबलत आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ब्लोअर बंद होता. मी पाहिलंय.

त्या उन्हाळ्यात गप्प गप्प असायचा. मला सोडून जायचं होतं का त्याला? कुणाला विचारू?

२ फेब्रुवारी

गाईंना थोडं कमी घालतेय. पुरवून पुरवून.

९ फेब्रुवारी

दूध घटलं. ऑर्लिनने मला गोठ्यात गाठलं. "आई, गाई उपाशी आहेत. वर मुरघास पडलाय की." म्हटलं, असू दे. तो सेल्मरने तुडवलाय, संपला की माझ्याकडे त्याचं काय उरणार? आणि मग तोंडातून गेलंच — तो मुद्दाम चढला, ऑर्लिन. त्याला आपण नको होतो.

पोरगा पांढराफटक पडला. तसाच निघून गेला. बापासारखाच!

१० फेब्रुवारी

सकाळी ऑर्लिन स्वयंपाकघरात आला. बसला नाही. "मीच ब्लोअर न लावता वर गेलो होतो, मका सारखा करायला. चक्कर आली. बाबा मला काढायला चढले. मला दारातून शिडीवर ढकललं आणि ते आतच पडले."

माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "देवा, बरं झालं." म्हणजे तो मला सोडून गेला नव्हता!

ऑर्लिनने ऐकलं. टोपी घातली आणि बाहेर गेला.