ओढ्याच्या वाटेवरचा बोर्ड

३ डिसेंबर २००२
ओढ्याच्या वाटेला उसात बिबट्या आलाय. दोन कुत्री गेली. ग्रामपंचायतीने धोक्याचा बोर्ड माझ्याकडे दिला. जुन्नर तालुक्यात डिझाइनचा कोर्स केलेला पेंटर मी एकटाच. पोस्टाने केला, पण केला. नियम पाठ आहेत: एका बोर्डावर एकच निरोप, अक्षर मोठं, मोकळी जागा भरपूर.

५ डिसेंबर
सरपंच गेणभाऊ दुकानात. म्हणाले, निस्ता धोका लिवून कसं चालंल राव, सौजन्य कुणाचं ते नको व्हय? त्यांचं नाव सगळ्यात वर घातलं. बोर्डाला वजन आलं.

७ डिसेंबर
उपसरपंच, डेअरीचे चेअरमन, सगळं तरुण मंडळ, सगळ्यांची नावं घातली. मोकळी जागा संपली. निरोप खाली कोपऱ्यात बसवला. बारीक आहे, पण सुबक. बिबट्या मात्र झकास! पिवळ्यावर पिवळा, सोनेरी मिशा. बायकोने, अंजनाने, विचारलं, ह्यो हसतोय का? तिला सांगितलं, याला एक्स्प्रेशन म्हणतात.

१० डिसेंबर
नारळ फुटला, बोर्ड लागला. ज्या वाटेला कोणी फिरकत नव्हतं तिथे संध्याकाळी ही गर्दी! पोरंबाळं घेऊन येतात, आपलं नाव शोधतात. कम्युनिकेशन म्हणतात ते हेच.
गर्दी पांगल्यावर ऊस हलला. वारा असेल. तसा वारा नव्हता.

१२ डिसेंबर
बोर्डाखाली ओल्या मातीत पंजे उमटलेत. गेणभाऊ म्हणतात, कुत्र्याचं आसंल. एवढं मोठं कुत्रं गावात नाही. खालची ओळ उद्या जाड करतो. आज लग्नपत्रिकांची घाई आहे.

१३ डिसेंबर
पत्रिका झाल्या. ओळ राहिली.

१४ डिसेंबर
शेजारच्या ठकूबाईवर बिबट्याने झडप घातली. दिवस मावळताना बोर्डावर नातवाचं नाव बघत उभी होती. खांदा फाटला, जीव वाचला. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, लई ग्वाड काढलाय रे वाघ, मला वाटलं सर्कस आलीया.
मला भीती वाटते. बिबट्याची नाही.

१५ डिसेंबर
सकाळी अंजना काळ्या रंगाचा डबा घेऊन गेली. सोबत गल्लीतल्या बायका.
संध्याकाळी ब्रश घेऊन गाडीवरून ओळ जाड करायला निघालो. बोर्ड उलटा फिरवलाय. मागची पांढरी बाजू पुढे, त्यावर फक्त एवढंच: वाघ हाय. मागं फिरा.
अक्षर वाकडं. रंग ओघळलेला. सौजन्य कुणाचंच नाही.
लांबूनच वाचलं आणि गाडी वळवली.