हुतुतूला गिऱ्हाईक नाही

परभणी, बुधवार, डिसेंबर १९५७

झरीच्या गंगारामची शिपायाची नोकरी आज हुकली. हुतुतूत त्याच्याएवढा दम जिल्ह्यात कुणाचा नाही, म्हणून मीच, शाळेच्या ड्रिल मास्तरनं, त्याला बोलावलं होतं. हेडमास्तरांना खेळाडूच हवा होता. पण शेजारी मुंबईचा एजंट बसलेला, खेळाचं सामान विकणारा.

"हुतुतू कोण खेळतं हो? क्रिकेट सगळं जग खेळतं," म्हणून तो हसला. मीही हसलो. समोर उभ्या गंगारामला हेडमास्तरांनी तसंच परत पाठवलं.

सगळं जग? बोटांवर मोजण्याइतके देश! पण त्यांत आपला एवढा मोठा, बॅटींना गिऱ्हाईक भरपूर, म्हणून तो जगाचा खेळ. हुतुतूला काहीच विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तो कुणाचाच नाही. हे तिथंच सुचलं होतं. मग बोललो का नाही? एजंट शाळेला बॅटी फुकट देणार होता म्हणून? आणि हसलो कशाला?

बाहेर गंगाराम म्हणाला, "मास्तर, गावोगाव लोकं खेळायलेत, तुमी सांगायचं व्हतं."

"मुंबईच्या लोकांना जगाची माहिती असते, गंगाराम," मी म्हणालो.

त्याला ते पटलं. हेच सहन होत नाही.

"आसंल," म्हणाला. "आमाला वाटायचं, समदेच खेळतेत."