कुंडात बसवायला सांगणाऱ्या डॉक्टरास

बाबा,

टेमघरच्या तुमच्या जुन्या दवाखान्यावरून रिक्षा गेली की मी अजूनही तोंड फिरवते. तिथल्या बाकावर बसून मी गृहपाठ करायचे आणि तुमचा रुबाब बघायचे. वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून कोणी सांधे सुजलेलं पोर घेऊन आलं, की तुम्ही खुर्चीतून उठतसुद्धा नव्हतात. "वाढीचं दुखणं आहे, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवा." झालं! स्टेथोस्कोप गळ्यातच असायचा, पण मळका सदरा वर करून तो छातीला लावायचा म्हणजे तुमचा हात विटाळला असता ना! आपल्या आळीतल्या मुलांची छाती मात्र पुन्हा पुन्हा तपासायचात.

आणि तुमचा इलाज लागूही पडायचा. गुडघा बरा व्हायचा, मग कोपर धरायचं, मग तेही बरं व्हायचं. ते वाढीचं दुखणं नव्हतंच, घसा बिघडल्यावर येणारा संधिवाताचा ताप होता; त्यात सांधे आपोआपच बरे होतात, गरम पाण्यात बसा नाहीतर उन्हात बसा. आतल्या आत हृदयाची झडप बिघडते, आणि ती काही ठणकत नाही. पोरं हसत घरी जायची, पाड्यावरून तुम्हाला काकड्या यायच्या. काय तो थाट तुमचा, त्या खातानाचा! चीड येते मला.

आता त्याच पाड्यांवर मी जाते. घसा दुखून ताप आला होता का, विचारते. प्रत्येक पोराची छाती ऐकते, हृदय आतून पडद्यावर दाखवणारं, हातात मावणारं इकोचं यंत्र लावते. परवा एका मुलीची झडप गळताना दिसली. तो ताप पुन्हा येऊन झडप आणखी बिघडू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं, म्हटल्यावर तिची आजी भडकली.

"पोर उड्या मारते हाय, दुखत न्हाय काय न्हाय. सुई कशाला? तुज्या बापानं हिच्या आयशीला कुंडात बसवाया सांगलं, बरी झाली. तो खरा डाक्टर!"

हिची आई कुठे आहे, विचारलं. हिच्याच बाळंतपणात धाप लागून गेली, म्हणाली. त्याचा आणि तुमचा काही संबंध असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. मी परोपरीने समजावलं, पण ती पोरीचा हात धरून उठलीच.

तेव्हा मी म्हटलं, "आजी, ही सुई बाबांनीच सांगून ठेवलीय." ती लगेच बसली. पोरीला पुढे केलं आणि तुमच्या नावाने हात जोडले.

तुम्ही आता नाही, पत्र पोचणार नाही, हे बरंच आहे. पोरगी जगेल, आणि त्याचं श्रेयही तुम्हालाच मिळेल. पुढच्या पाड्यावरही मी हेच सांगणार आहे.