बाबांची तुळई

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वॉर्डातल्या त्या आजोबांनी तुला औषधाचा पेला फेकून मारला हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, तो माणूस नक्की बरा होणार, अंगात अजून रग आहे.

आता इकडची मोठी बातमी. आईला प्रभूमध्ये निजून वर्ष होतंय, त्या रविवारी चर्चमध्ये तिच्या आठवणीची उपासना आहे आणि त्या दिवसासाठी मनोऱ्यात नवी घंटा चढणार आहे. घंटा ओतून आलीसुद्धा. काठावर आईचं नाव कोरलंय. बाबा येता-जाता तिच्यावरून हात फिरवतात आणि कुणी पाहिलं की रुमालाने पुसत असल्याचं सोंग करतात. जुन्या घंटेपेक्षा ही चांगलीच जड आहे. हातगाडीवरून उतरवणारी माणसं नंतर तिथेच फतकल मारून बसली होती.

ती टांगायची बाबांच्या तुळईला. आपण जन्मायच्या आधी त्यांनी ती एकट्याने घडवून वर बसवली आणि खाली आई दोर धरून उभी होती, ही गोष्ट आपण जेवताना घासागणिक ऐकली आहे. पण ताई, मला ती तुळई बरी वाटत नाही. हल्ली दर रविवारी मागच्या बाकावर पिवळसर पीठ पडलेलं असतं. पाळकसाहेब म्हणतात, कबुतरांची घाण. पण मनोऱ्यात आता एक कबूतर राहिलेलं नाही. कधी गेली तेही कुणाला कळलं नाही.

मी किल्ली मागून वर जाऊन आलो. वरून तुळई अगदी झकपक. बाबा दरवर्षी तिला तेलरंगाचा हात देतात, थरावर थर. ठोकून पाहिली तर रिकाम्या पेटीसारखी वाजली. बाबांना सांगितलं, तर त्यांनी किल्ली काढून घेतली आणि कमरेला बांधली. मी प्लायवूडची कपाटं करतो, म्हणून तेव्हापासून घरात माझं नाव प्लायवूडवाला.

घरी सगळे मजेत. लोभ आहेच, पत्राची सवड तेवढी काढ.

तुझा
धाकटा

१३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी खाटेखाली झुरळ पाहिलंस की साप म्हणून घर डोक्यावर घ्यायचास, त्याची आठवण झाली. तुझी बायको कशी काय सहन करते देव जाणे.

अरे, आई गेल्यावर बाबा ताटावरून अर्धपोटी उठायचे. आता ह्या घंटेपायी मागून घेऊन जेवतात, हे तूच लिहिलं होतंस ना? मी इथे रोज बघते. शेवटाला आलेल्या माणसाला दुखण्यापेक्षा ह्याचीच रुखरुख असते की आपल्यामागे आपलं म्हणून काय राहणार. बाबांचं नाव कुठल्याही दगडावर नाही. आहे ती एक तुळई. इतकी वर्षं टिकली, ती काय नेमकी आईच्याच घंटेला दगा देणार आहे? त्यांना त्यांचा दिवस मिळू दे. तू जरा गप्प बस.

पोरांना गोड पापा. माझ्यावर रागावू नकोस, रागावलास तरी पत्र लिही.

तुझी
ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम सलाम.

गप्प बसलो होतो. पण परवाच्या उपासनेला घंटा वाजली आणि वरून हाताच्या पंजाएवढा रंगाचा पापुद्रा माझ्या पायाशी पडला. पाकिटात घातला आहे. रंगाची बाजू बघू नकोस, उलट्या बाजूला चिकटलेलं लाकूड बघ.

दोर चर्चच्या दाराशीच लोंबतो. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या तुळईखालून जातो. मी पाळकसाहेबांना म्हटलं, निदान बाजूचं दार वापरू. ते म्हणाले, लाकडाच्या बाबतीत तुझ्या वडिलांचा शब्द शेवटचा. मग मंडळींच्या बैठकीत बोललो, तर बाबा उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या मुलाला तिथे लोखंडाचा गर्डर बसवायचा आहे, कारण त्याला लाकूड कळत नाही. सगळी मंडळी हसली. आजवर त्यांनी मला घरात काय वाटेल ते ऐकवलं, पण चारचौघांत असं कधी नाही.

आता प्रार्थनेला माझे डोळे मिटत नाहीत. सगळे मान खाली घालतात तेव्हा मी वर बघत असतो. बायको-मुलांना पार पुढच्या बाकावर बसवतो. बाबांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. उपासनेला थोडेच दिवस राहिलेत. तू लिही त्यांना. तुझं ऐकतील, माझं नाही. मला खरंच भीती वाटते.

तुझा
धाकटा

२७ ऑगस्ट

ती. बाबांस,
कृतानेक सलाम, वि. वि.

धाकट्याने पाठवलेला पापुद्रा तळहातावर घेतला. मूठ मिटायच्या आधीच त्याची भुकटी झाली. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. पण त्यानंतर मला झोप नाही.

बाबा, आमच्या वॉर्डात गाल गुलाबी आहेत म्हणून आम्ही कुणाला घरी सोडत नाही. तुम्हीच आम्हांला शिकवलंत की लाकडाला डोळ्यांनी नाही, पटाशीने विचारायचं. मग एकदा तुम्ही एकटेच वर जा. धाकटा नको, पाळकसाहेब नकोत. आपल्या हाताने पटाशी टेकवून बघा. तुळई घट्ट निघाली तर मी धाकट्याला सगळ्यांसमोर तुमची माफी मागायला लावीन. पण नसली, तर आईचं नाव कुणाच्या डोक्यावर पडू देऊ नका. तिला ते सोसवलं नसतं.

थंडीची बंडी धुऊन ठेवा. लहान तोंडी मोठा घास घेतला, पदरात घ्या.

तुमची लेक

१२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल पोचले. दार उघडलं तर उंबऱ्याच्या आत बाबांचं पत्र पडलेलं. गेले त्या शनिवारी सकाळी त्यांनी ते पेटीत टाकलं. तुझी तार मिळताच मी तिकडे धावले, तेव्हा हे माझ्याकडे यायला निघालेलं होतं.

 बाबांची माती झाली त्या रात्री तू मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतास. नव्या घंटेसाठी जागा करायची म्हणून ते तुला जुनी घंटा उतरवायला वर घेऊन गेले. तू दोर बांधून दिलास, आणि मग ते एकाएकी खेकसले की हा दोर कुजका आहे, तुला एवढंही कळत नाही, चालता हो आणि आपल्या सुतारकामाच्या कारखान्यातून दुसरा आण. तू अंगण ओलांडत होतास तेव्हा मागे तुळई त्यांच्यासकट कोसळली. तुझ्या मनाने घेतलंय की ते तुला खोटा ठरवूनच गेले. मीही तुला समजवू शकले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तसं नाही रे. पत्र माझ्या नावाचं असलं तरी ते तुझं आहे. मूळच पाठवते आहे. एकटा असताना वाच.

तुझी
ताई

सोबत बाबांचं पत्र:

शनिवार, सकाळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बापाला पटाशी धरायला शिकवतेस, शाबास. काल दुपारी वर गेलो. हातोडी लागलीच नाही. पटाशी नुसती टेकवली ती मुठीपर्यंत आत गेली, आणि ओढली तर पीठ. इतकी वर्षं मी मायेने रंग चढवत होतो आणि आत ओल कोंडून तिला कीड खात होती. बराच वेळ तिथेच बसून राहिलो. प्रभूच्या घरात माझं म्हणून एवढंच होतं. मग खाली पाहिलं, तर झाडणारी बाई बरोबर तुळईखाली पायऱ्या झाडत गुणगुणत होती. फार लाज वाटली.

उद्या तुझ्या आईची उपासना, सगळी मंडळी दाराशी जमणार. नवी घंटा अंगणातच राहील आणि जुनीही आजच उतरवतो. दोर-कप्पी वर न्यायला धाकटा लागेल. पण घंटा सुटायच्या वेळी त्याला तिथे ठेवायचा नाही. काहीतरी खोट काढून खेकसेन, म्हणजे जाईल. लहानपणापासून तो माझ्या ओरडण्याला फार भितो.

त्याला तू ह्यातलं काही कळवू नकोस. उद्या पाळकसाहेब विचारतील की आठवणी सांगायला कोण उभं राहतं, तेव्हा मी उभा राहणार आहे. जी मंडळी त्याला हसली, त्यांनाच सांगणार आहे की धाकट्याचं खरं होतं, तो माझ्याहून चांगला सुतार आहे, आणि आईची घंटा त्याच्या हातच्या तुळईवर टांगायची. लाकडाची करू दे नाहीतर लोखंडाची. हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होतो ते मी तुला सोमवारी सविस्तर लिहीन.

बंडी धुतली.

तुझे
बाबा